गच्चीवर एका रात्रीचा बार: सोलापुरी ‘पाळी’ची थीम कशी उभी करायची

थीम बार करायचं डोक्यात आलं की माणूस आधी सजावटीच्या दुकानात जातो. चमकत्या पट्ट्या, पुठ्ठ्याचे कटआउट, धुराचं मशीन. साडेआठपर्यंत सगळ्यांचे फोटो काढून होतात आणि मग उरतं ते नेहमीचंच: प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं रिंगण, मधे चिवड्याची प्लेट आणि कोपऱ्यात मोबाइलवर क्रिकेट.

जगात जे चमत्कारिक बार नाव कमावून आहेत, त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते. आत येणाऱ्याला काहीतरी करावं लागतं. न्यूयॉर्कच्या ‘प्लीज डोन्ट टेल’मध्ये शिरायचं तर शेजारच्या हॉटडॉगच्या दुकानातल्या टेलिफोन बूथमध्ये उभं राहून रिसीव्हर उचलावा लागतो. पॅरिसचं ‘दां ल न्वार’ हे खरं तर रेस्टॉरंट, पण तिथेही मोबाइल बाहेर ठेवायचा आणि मिट्ट काळोखात अंध वाढप्याच्या मागोमाग खांद्यावर हात ठेवून टेबलापर्यंत जायचं. बर्फाच्या बारमध्ये हवा उणे पाच अंशांच्या आसपास ठेवलेली असते, म्हणून दारातच अंगावर जाड झगा चढवतात आणि साधारण पाऊण तासात बाहेर काढतात. सजावट या सगळ्यांकडे आहे, पण रात्र चालवतो तो नियम. स्वित्झर्लंडमधल्या ग्रुयेर गावी एच. आर. गिगर यांचा बार आहे, छतापासून खुर्चीपर्यंत सगळा हाडांच्या सापळ्यासारखा घडवलेला. तो अपवाद म्हणून सोडून द्या. तेवढं घडवण्याएवढा पैसा आणि तेवढा कलाकार आपल्या गच्चीवर येणार नाही.

खाली २५ माणसांसाठी एका रात्रीचा बार कसा उभा करायचा ते दिलं आहे. थीम मिलची. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पुढे शंभरेक वर्षं सोलापूरचं घड्याळ मिलच्या भोंग्यावर चाललं. भोंगा, पाळी, बिल्ला, हजेरी हे शब्द इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. थीम निवडताना हे पहिलं बघावं. समजावून सांगायला लागली की ती थीम पडली.

आधी नियम

पाहुण्यांचे तीन गट करा: पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. दर २० मिनिटांनी घंटा होते आणि ज्या पाळीची घंटा असेल तिलाच काउंटरवर ग्लास मिळतो. सात वाजता पहिली पाळी, ७.२० ला दुसरी, ७.४० ला तिसरी, आठला पुन्हा पहिली. असं ९.४० पर्यंत नऊ घंटा होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन ग्लास येतात, दोन ग्लासांमध्ये बरोबर एक तास.

हा नुसता खेळ नाही, यात तीन कामं परस्पर होतात. घरच्या बारचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे काउंटरवरची गर्दी. एक ग्लास नव्याने बनवायला दीड-दोन मिनिटं लागतात. २५ जण एकदम आले तर शेवटच्याला पाऊण तास उभं राहावं लागतं. आठ-नऊ जण आले आणि मिश्रण आधीच तयार असलं, तर दोन माणसं चार मिनिटांत मोकळी होतात. दुसरं, तासाला एकच ग्लास मिळत असल्याने कुणी घाईने पीत नाही. ‘बास कर आता’ म्हणायची वेळ यजमानावर येत नाही, ते घंटा सांगते. तिसरं, एका वेळी एकच पेय ओतलं जातं. पहिल्या तीन घंटांना एक, पुढच्या तीनला दुसरं, शेवटच्या तीनला तिसरं. काउंटर रात्रीतून फक्त दोनदा बदलायचा.

पाणी मात्र नियमाबाहेर. २० लिटरचे दोन जार गच्चीच्या दोन टोकांना, ग्लाससकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडे. पाण्यासाठी कुणाला घंटेची वाट बघायला लावू नका.

पेयांची नावं हजेरी, ओव्हरटाइम आणि छुट्टी. कृती पुढे आहेत.

नियम मोडला जाणार, हे धरून चला. एखादा भावजी दुसऱ्या पाळीत असून पहिल्या घंटेला येईलच. त्याला ग्लास दिलात तर अर्ध्या तासात सगळी थीम गेली. काउंटरवर अशा माणसाला उभं करा ज्याला नाही म्हणता येतं आणि नाही म्हणताना हसता येतं. घरचा यजमान या कामाला कधीच ठेवू नये, त्याला नाही म्हणता येत नाही.

बिल्ला आणि फळी

जिन्याच्या तोंडाशी तीन फूट बाय दोन फूट लाकडी फळी टांगा. तीन ओळींत खिळे: नऊ, आठ, आठ. प्रत्येक खिळ्यावर दीड इंची गोल बिल्ला, त्यावर आकडा. पत्र्याचे करून घेतले तर उत्तम. नाहीतर जाड पुठ्ठ्याचे गोल कापून त्यावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा आणि बॉलपेनचं टोक दाबून आकडा उमटवा. हातात घेतल्यावर खोटा वाटणार नाही एवढं वजन हवं, म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मधे एक लोखंडी वॉशर चिकटवा.

पाहुणा येतो, आपला बिल्ला काढून खिशाला लावतो. ग्लास घेताना बिल्ला काउंटरवर ठेवायचा. काउंटरवाला आकडा बघून हजेरीच्या कागदावर टिंब करतो आणि बिल्ला परत देतो. घरी जाताना बिल्ला पुन्हा फळीवर. रात्री अकरा वाजता गच्चीवर कोण उरलं आहे हे फळीकडे एक नजर टाकली की कळतं. कारखान्यांत हजेरीची फळी होती ती याचसाठी.

जे दारू घेणार नाहीत त्यांच्या बिल्ल्याला पांढरा दोरा बांधा. विचारायची गरज राहत नाही आणि ‘अरे एवढी घे की’ हा आग्रह काउंटरवर तरी होत नाही. ग्लास सगळ्यांचे दिसायला सारखेच.

फळीवरची पाटी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही लिप्यांत लिहून घ्या. मिलच्या खात्यांत या चारही भाषा कानावर पडायच्या, आणि गल्लीत लिहून देणारं माणूस सापडतंच. एक गोष्ट मात्र टाळा. मिल बंद पडून हजारो घरांची रोजी गेली. तुमच्या पाहुण्यांतल्या कुणाचे वडील किंवा आजोबा त्यांतले असू शकतात. बंद मिलचे, टाळ्याचे, मोर्चाचे फोटो सजावटीला लावू नका. थीम कामाची आहे, पडझडीची नाही.

तारीख, पाणी, वारा

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि स्लॅब ती उष्णता रात्री दहा-अकरापर्यंत बाहेर टाकत राहतो. तरीही उन्हाळ्यातच करायचं असेल तर संध्याकाळी पाचपासून गच्चीवर ओली गोणपाटं पसरा. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे ओल झपाट्याने उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. नुसतं पाणी ओतलं तर ते पन्हाळीतून निघून जातं आणि उपयोग अर्धाही होत नाही. माणसं यायच्या आधी गोणपाटं उचला, अंधारात पाय अडकतो. शिवाय वळवाचा पाऊस संध्याकाळीच गाठतो आणि पावसाआधी धुळीचा वारा येतो. मे महिन्यात गच्चीवर बार मांडणाऱ्याने खालची खोली रिकामी ठेवलेली बरी.

तारीख ठरवताना कॅलेंडरच्या आधी नळाची पाळी बघा. तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात ज्या दिवशी सकाळी पाणी येतं त्याच दिवशीची रात्र धरा. ग्लास धुणं, गोणपाटं, दुसऱ्या दिवशीची धुलाई मिळून दीड-दोनशे लिटर सहज जातात.

जानेवारीचा दुसरा आठवडा सोडून द्या. १२ जानेवारी हा चार हुतात्म्यांचा दिवस. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली त्याच दिवशी फाशी दिली गेली. लगेच संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, गड्ड्याची जत्रा. गावाचे अर्धे रस्ते वळवलेले असतात आणि तुमच्या पार्टीला यायला कुणाला वेळही नसतो.

परवाना आणि शेजारी

बिनदारूचा बार करणार असाल तर या भागातलं फक्त शेवटचं वाचा.

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एक दिवसाचा परवाना दारूच्या दुकानातही मिळतो, रक्कम किरकोळ असते. प्रत्येक पिणाऱ्याच्या नावाचा घेऊन फाइलला लावून ठेवा. वयाची अट बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५, त्यामुळे कॉलेजातल्या चुलत भावाला पांढरा दोरा. तिकीट लावून किंवा माणशी वर्गणी काढून दारू द्यायचा विचार असेल तर ती विक्री ठरू शकते. त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसाचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. ड्राय डे आहे का तेही याच खात्याकडून विचारून घ्या. २ ऑक्टोबर सगळ्यांना माहीत असतो, मतदानाचे आणि मतमोजणीचे दिवस लक्षात राहत नाहीत.

गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की गुन्हा. दोन लहान पेगमध्ये सडपातळ माणूस या रेषेच्या आसपास येऊ शकतो. ओळखीच्या दोन रिक्षावाल्यांना दहा ते साडेअकरा बांधून घ्या आणि ते भाडं पार्टीच्या खर्चातच धरा.

आवाजाचं: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, हा नियम देशभर आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. शेवटची घंटा ९.४० ला ठेवण्याचं कारण हेच. सायरन आणू नका. हाताने फिरवायचा छोटा सायरनसुद्धा चार गल्ल्या उठवतो आणि आग लागली म्हणून फोन जातात. शाळेची पितळी घंटा किंवा लोखंडी पट्टीवर हातोडीचे ठोके पुरेसे आहेत: पहिल्या पाळीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगा आणि सांगायला जाताना शेंगापोळ्या घेऊन जा.

काउंटर

उभ्याने कोपर टेकवता येईल तर तो बार. बसून वाढायला लागलात की ती पंगत. काउंटरची उंची ४२ इंच हवी. घरचं टेबल ३० इंचाचं असतं आणि त्याच्या पायांखाली ब्लॉक लावून उंची वाढवली तर ते डुगडुगतं.

दोन २०० लिटरचे लोखंडी ड्रम घ्या. उंची साधारण ३५ इंच. प्रत्येकावर विटांचे दोन थर आडवे मांडा, सहा इंच झाले. त्यावर १९ मिलिमीटरचा प्लायवूड, आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद. उंची ४२ इंचांच्या आत-बाहेर बसते. ड्रम प्लायच्या दोन्ही टोकांपासून एक फूट आत ठेवा. मधल्या मोकळ्या भागात प्लाय वाकतो, म्हणून खालून दोन इंची लाकडी पट्टी लांबीभर स्क्रूने मारून घ्या. ही पट्टी राहिली तर बर्फाचा डबा ठेवल्याबरोबर मधे खोलगा पडतो आणि सगळे ग्लास तिकडे सरकू लागतात.

ड्रम हलू नये म्हणून लोक तो पाण्याने भरतात. गच्चीवर हे करू नका. वावर असलेल्या गच्चीचा हिशेब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो धरून केलेला असतो. भरलेला ड्रम दोनशे किलोंहून जास्त वजन पाव चौरस मीटरवर टाकतो. तळाशी २५-३० किलो वाळू पुरे, आणि ड्रम शक्यतो भिंतीच्या किंवा बीमच्या वर. ड्रम कुठून आणला हेही बघा. सोलापुरात स्वस्तात मिळणारे बरेच ड्रम रंगाई-धुलाईच्या कारखान्यांतून येतात. आत रसायनाचा थर असतो. बाहेरून वापरा, आत बर्फ किंवा बाटल्या ठेवू नका.

पुढच्या बाजूला सोलापुरी चादर. ६० बाय ९० इंचाची एक चादर आडवी धरली तर साडेसात फूट लांबी झाकते. प्लायखाली घडी घालून कागदाच्या मोठ्या क्लिपांनी अडकवा. खिळा किंवा स्टेपल मारला तर जकार्डचा धागा ओढला जातो आणि चादर कायमची जाते. वरच्या पृष्ठभागावर चादर पसरू नका. दिसते छान, पण जाड विणीवर ग्लास नीट बसत नाही आणि सांडलेलं सरबत ती पिऊन टाकते. वर साधा ॲल्युमिनियमचा पत्रा, कडा आत वळवलेल्या. चादरीची खालची कड जमिनीपासून चार इंच वर ठेवा, कारण काउंटरखाली रात्रभर पाणी सांडतंच.

उजेड

चार वॉटचे, पिवळसर उजेडाचे १५ एलईडी बल्ब. खोक्यावर २७०० के लिहिलेलं बघून घ्या. पांढऱ्या उजेडात माणसं दवाखान्यात बसल्यागत दिसतात आणि किडेही जास्त येतात. बल्ब आठ फुटांवर, त्यावर पत्र्याच्या टोप्या. काउंटरवर एकच दिवा जास्तीचा, बाजूने. चेहऱ्यावर खालून उजेड टाकू नका. पंधरा बल्बांचे मिळून ६० वॉट होतात, घरचा इन्व्हर्टर तीन तास आरामात ओढतो. वायर ज्या बोर्डातून घ्याल तिथे ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असलाच पाहिजे. ओली गच्ची, ओले हात आणि उघडी वायर एकत्र येणार आहेत.

बर्फ

पेयात जाणारा बर्फ आणि बाटल्या गार करणारा बर्फ वेगळे. कारखान्यातली लादी बहुधा पिण्याच्या पाण्याची नसते; खाण्याचा नसलेला बर्फ निळसर असावा असा नियमच आहे, पण अंधारात निळं काही दिसत नाही. लादी फक्त बाटल्यांच्या घमेल्यात, १५ ते २० किलो. पेयासाठी पाकीटबंद तुकडे किंवा घरच्या फिल्टरच्या पाण्याचे. पहिल्या दोन फेऱ्यांना मिळून ५० ग्लास, ग्लासाला १२० ग्रॅम म्हणजे सहा किलो. वितळणं, सांडणं धरून दहा किलो आणा. थर्माकोलच्या पेटीत तळाला जाळी किंवा उलटी चाळण ठेवा. तुकडे स्वतःच्याच पाण्यात बसले की लवकर जातात.

सुका बर्फ आणि द्रवरूप नायट्रोजन यांच्या वाटेला जाऊ नका. सुका बर्फ उणे ७८ अंशांचा असतो आणि ग्लासात टाकल्यावर तुकडा तोंडात गेला तर जबडा आणि अन्ननलिका भाजते. धूर हवाच असेल तर त्याची सोय तिसऱ्या पेयात आहे.

तीन पेयं

बाटल्यांवर नावं लिहू नका, आकडे लिहा. अमेरिकेत १९३३ नंतर डॉन बीच यांनी जी टिकी बारची, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या थीमच्या बारची, टूम काढली, त्यात सिरपच्या बाटल्यांवर फक्त सांकेतिक खुणा असायच्या. कृती बाहेर जाऊ नये म्हणून. आपल्याला गुपित सांभाळायचं नाही, पण ‘१ मधलं ३० मिली, २ मधलं १५’ एवढं सांगून कुठल्याही मदतनिसाला काउंटरवर उभं करता येतं. दोन मोजमापाच्या कपांशिवाय काउंटर उघडू नका. अंदाजाने ओतणारा हात आठव्या ग्लासापर्यंत सढळ होत जातो.

हजेरी. डाळिंबाचं सरबत सोड्यात. बाजारात मिळणाऱ्या लाल सिरपमध्ये बहुतेक वेळा डाळिंब नसतंच, रंग आणि साखर असते. आपण डाळिंबाच्या जिल्ह्यात बसून ते विकत आणावं हे बरं दिसत नाही. दोन किलो भगवा डाळिंब सोलून दाणे काढा. मिक्सरमध्ये दोन-दोन सेकंदांचे फक्त तीन-चार झटके द्या आणि मलमलच्या फडक्यातून पिळा. जास्त फिरवलं की बिया फुटतात आणि तुरट-कडू चव येते, ती साखरेनेही झाकत नाही. ६०० मिली रस निघाला की त्यात ४८० ग्रॅम साखर घालून मंद आचेवर विरघळू द्या. उकळी येऊ देऊ नका. उकळलं की ताज्या फळाची चव जाऊन जॅमचा वास येतो. भांडं स्टीलचं. लोखंडी कढईत रस काळपट होतो, कारण त्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळतं. साधारण ९०० मिली सिरप होतं, २५ ग्लासांना ७५० लागतं.

ग्लासात ३० मिली सिरप, १५ मिली लिंबाचा रस, चिमूट काळं मीठ. हलवा, बर्फ भरा, वरून १२० मिली गार सोडा. मीठ सोड्यात टाकलं तर सगळा फेस बाहेर येतो आणि सोडा मरतो, म्हणून मीठ आधी आणि सोडा शेवटी, हा क्रम मोडायचा नाही. सोड्याच्या दोन लिटरच्या बाटल्या घेऊ नका. ७५० मिलीच्या पाच घ्या, घंटेगणिक उघडा. गोटी सोड्याचा क्रेट मिळाला तर रंगत वाढते, गोटी आत पडण्याचा आवाज या थीमला शोभतो. मात्र तो कुठल्या पाण्याचा आहे हे विचारून घ्या. दारू घेणाऱ्यांसाठी यात ३० मिली जिन किंवा व्होडका, सोड्याच्या आधी.

ओव्हरटाइम. काळा चहा, गूळ, आलं. गरम चहा करून फ्रिजमध्ये ठेवलात तर तो गढूळ होणार. कडक चहा गार होताना त्यातलं टॅनिन आणि कॅफिन एकत्र येऊन साय धरल्यासारखं दिसतं. म्हणून चहा गार पाण्यातच काढायचा. तीन लिटर पिण्याच्या पाण्यात ३० ग्रॅम पानाचा चहा, झाकून फ्रिजमध्ये आठ तास, मग गाळून घ्या. दाणेदार चहा असेल तर पाच तास पुरे, त्याहून जास्त ठेवला की कडवट होतो. अर्धा किलो गूळ ३०० मिली पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा; गुळाच्या तळाशी बारीक माती निघतेच. दीडशे ग्रॅम आलं किसून पिळा आणि रस २० मिनिटं स्थिर ठेवा. तळाला पांढरा गाळ बसतो, तो आल्याचा स्टार्च. वरचा रस अलगद काढून घ्या, नाहीतर पेय पिठूळ लागतं.

ग्लासात १२० मिली चहा, २० मिली गुळाचा पाक, १० मिली लिंबू, अर्धा चमचा आल्याचा रस, बर्फ. घेणाऱ्याला ३० मिली काळी रम. रम मुळात उसाचीच, गुळाशी तिचं जमतं. दोन्ही फेऱ्यांना मिळून ४५ लिंबं लागतील, उन्हाळ्यात ५५, कारण तेव्हा लिंबात रस कमी आणि भाव जास्त.

छुट्टी. धुराचं ताक. यात दारू नाही, कुणालाच नाही. शेवटचा तास असा कोरडा गेला की माणसं घरी शहाण्यासारखी जातात. दीड किलो दही, सव्वादोन लिटर पाणी, ३० ग्रॅम मीठ, दोन मोठे चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, कोथिंबीर. घुसळून फ्रिजमध्ये ठेवा, यात बर्फ घालायचा नाही. ८.५० ला लाकडी कोळशाचे दोन तुकडे लाल होईपर्यंत फुंका. ताकाच्या पातेल्यात स्टीलची वाटी तरंगत ठेवा, तिच्यात निखारे, त्यावर चमचाभर तूप, आणि लगेच झाकण. तुपाचा चर्र आवाज येतो, झाकणाच्या कडेने पांढरा धूर डोकावतो. तीन मिनिटांनी झाकण काउंटरवर, सगळ्यांच्या समोर काढा. रात्रीतला हा एकच तमाशा आहे, आतमध्ये स्वयंपाकघरात वाया घालवू नका. पाच मिनिटांच्या वर ठेवलंत तर डांबराची चव उतरते. वाटी कलंडली तर राख ताकात जाईल, म्हणून रुंद बुडाची वाटी घ्या आणि ती काढल्याशिवाय डाव घालू नका. या पेयाचं नाव ‘चिमणी’ ठेवायचा मोह होईल. ठेवलंत तर विमानतळासाठी पाडलेल्या साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद टेबलावर सुरू होणार आणि साडेदहापर्यंत संपणार नाही.

ग्लास कॅन्टीनसारखे स्टीलचे, ३०० मिलीचे, ३५ नग. स्टीलमध्ये बर्फ काचेपेक्षा लवकर वितळतो, हा तोटा खरा. पण गच्चीवर काच फुटली तर चपला काढून बसलेल्या माणसांत ती अंधारात शोधत बसावी लागते. ग्लास आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवले की तोटा बराच भरून निघतो.

खायला

तळणीचं काही करू नका, एक माणूस कायम कढईशी अडकतो. कडक भाकरी हे बारचं खाणं म्हणून अजून कुणी नीट वापरलेलं नाही याचं नवल वाटतं. ती मऊ पडत नाही, गार झाली म्हणून बिघडत नाही आणि हाताने तोडता येते. २५ जणांना २० भाकऱ्या, अर्धा किलो शेंगाची चटणी, दीड किलो घट्ट दही, कांदा आणि लिंबू. दही आणि चटणी वेगवेगळ्या वाट्यांत. आधी कालवून ठेवलं तर अर्ध्या तासात चटणीतलं तेल सुटून दही तांबडं-पातळ होतं. डिसेंबर-जानेवारीत हुरडा मिळाला तर तो भाजूनच आणा, गच्चीवर शेगडी मांडायच्या फंदात पडू नका. कोळसा फक्त ताकासाठी.

चटणी तिखट असेल तर पाण्याचे जार साडेआठला रिकामे होतात. तिसरा जार जिन्यात ठेवा.

त्या दिवशीचा क्रम

आदल्या रात्री सिरप, चहा, पाक. दुपारी चारला ड्रम आणि काउंटर, पाचला वायर आणि गोणपाटं, साडेपाचला दिवे लावून बघा. उजेड असताना लावले तर अंधारात कसे दिसतील ते कळत नाही, म्हणून सव्वासातला पुन्हा एकदा नजर टाका. सहाला लादी, साडेसहाला पिण्याचा बर्फ. त्याआधी आणलात तर पैसे वितळतात. पावणेसातला फळीशी एक माणूस उभा करा, तो येणाऱ्याला पाळी सांगेल. नवरा-बायकोला वेगळ्या पाळीत टाका. एकाच पाळीतली जोडपी काउंटरवरून थेट आपल्या कोपऱ्यात जातात, वेगळी केली की अनोळखी माणसांशी बोलणं भाग पडतं.

उशिरा येणाऱ्याची चुकलेली घंटा भरून द्यायची नाही. हे निमंत्रणातच लिहा, नाहीतर ७.४० ला आलेले सहा जण दोन-दोन ग्लास मागतील.

राहिलेलं डाळिंबाचं सिरप स्वच्छ काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं. चहा दुसऱ्या दिवशी ओतून द्या. चादर सकाळी गार पाण्यात, मीठ घालून, एकटी भिजवा आणि सावलीत वाळवा. सरबताचा डाग गरम पाण्याने पक्का बसतो. निखारे पाण्यात बुडवून विझल्याची खात्री करूनच कचऱ्यात टाका, आणि बिल्ले मोजून घ्या, दोन-तीन कुणाच्या तरी खिशातून घरी गेलेले असतात.